वाक्याच्या पोटांतील प्रश्न

ठाण्यांतील एका घरांतला हा प्रसंग आहे. घरांतील नात नुकतीच पदवीधर झाली होती आणि पुढील शिक्षणासाठीं इंग्लंडमधील एका विद्यापीठाला पत्र लिहीत होती. पत्र पुरें झाल्यावर तिनें तें आजोबांपुढें ठेविलें. आजोबा म्हणजे तीस वर्षें शाळेंत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांनीं चष्मा पुसला, पत्र एकदां वाचलें, पुन्हां वाचलें, आणि एका ओळीवर बोट ठेवून ते थांबले. ओळ अशी होती : ‘आय वुड लाइक टु नो व्हॉट इज द लास्ट डेट अँड व्हेन विल द रिझल्ट बी डिक्लेअर्ड.’ म्हणजे, शेवटची तारीख कोणती आणि निकाल केव्हां लागेल हें जाणून घेण्याची इच्छा आहे.

“ह्यांत चूक काय, आजोबा?” नातीनें जरा चिडूनच विचारलें. “सगळे असेंच लिहितात.”

“लिहितात खरे,” आजोबा म्हणाले, “पण बाळ, तूं एकच प्रश्न दोनदां विचारला आहेस.”

आजोबांच्या ह्या एका वाक्यांत इंग्रजीच्या एका अवघड प्रकरणाची किल्ली आहे. प्रकरण आहे तें वाक्याच्या पोटांत बसणाऱ्या प्रश्नाचें. ही चूक अशिक्षितांची नव्हे. ज्यांचें शब्दलेखन निर्दोष, ज्यांचा शब्दसंग्रह मोठा, ज्यांनीं इंग्रजी कादंबऱ्या डोंगरभर वाचल्या, अशा लोकांच्या हातूनही ती पत्रांत, अर्जांत, मुलाखतींत सहज होते. ऐकणाऱ्यास अर्थ कळतो, हें खरें. म्हणूनच ती कोणी दाखवून देत नाहीं आणि म्हणूनच ती जन्मभर टिकते. परंतु अर्ज वाचणाऱ्या परक्या माणसापुढें अर्जदार उभा नसतो. त्याच्यापुढें असतो तो केवळ कागद. त्या कागदावरील पहिल्याच विनंतींत वाक्य अडखळलें, तर अर्जदाराविषयीं त्याचें मत तेथेंच थोडें बदलतें. शिवाय कांहीं ठिकाणीं अर्थही बदलतो. तीं ठिकाणें पुढें येतीलच.

प्रथम इंग्रजी प्रश्न घडतो कसा तें पाहावें. मराठींत ‘तो पुण्यांत आहे’ ह्या विधानाचा प्रश्न करावयाचा तर शेवटीं ‘का’ जोडला कीं काम झालें. ‘तो कोठें आहे?’ असें विचारतांना ‘पुण्यांत’ ह्या शब्दाच्या जागीं ‘कोठें’ बसतो. बाकी सारे शब्द आपापल्या जागीं स्वस्थ असतात. इंग्रजींत तसें नाहीं. ‘ही इज इन पुणे’ ह्याचा प्रश्न करतांना ‘इज’ हें क्रियापद कर्त्यास ओलांडून पुढें येतें : ‘इज ही इन पुणे?’ प्रश्नार्थक शब्द असला तरी तीच उडी : ‘व्हेअर इज ही?’ वर्गांत मुलानें हात वर केला कीं त्याला कांहीं विचारावयाचें आहे असें गुरुजी समजतात; क्रियापदाची ही उडी म्हणजे तसाच वर केलेला हात होय. तिचें काम एकच, ‘आतां प्रश्न विचारला जात आहे’ असें ऐकणाऱ्यास कळविणें.

आतां नातीच्या पत्रांतील ओळ पाहावी. ‘आय वुड लाइक टु नो’, म्हणजे ‘जाणून घेण्याची इच्छा आहे’, इतकें म्हणतांच हात वर झाला. विचारण्याचें काम बाहेरच्या वाक्यानें केलें. पुढें जें येतें तो प्रश्न नव्हे. तें त्या हव्या असलेल्या गोष्टीचें नांव आहे. व्याकरणकार त्यास नामवाक्य म्हणतात तें उगीच नव्हे. त्याच्या जागीं एखादें साधें नाम ठेवून पाहिलें तरी वाक्य उभें राहतें : ‘तारीख जाणून घेण्याची इच्छा आहे.’ नामानें हात वर करण्याचें कारण नाहीं. म्हणून आंतल्या वाक्यांत क्रियापद कर्त्याच्या मागें, आपल्या मूळच्या जागीं, परत जातें : ‘व्हॉट द लास्ट डेट इज’, ‘व्हेन द रिझल्ट विल बी डिक्लेअर्ड’.

नियम एवढाच. परंतु तो ‘डू’ आणि ‘डज’ ह्या क्रियापदांपाशीं आला कीं भल्याभल्यांची तारांबळ उडते. ‘ही वॉन्ट्स मनी’, म्हणजे त्याला पैसे हवे आहेत. ह्याचा प्रश्न होतो ‘व्हॉट डज ही वॉन्ट?’ येथें उडी मारण्यास योग्य असें साहाय्यक क्रियापद वाक्यांत नव्हतें, म्हणून ‘डू’ भाड्यानें आणलें; आणि भाड्याचें असलें तरी ‘वॉन्ट्स’च्या शेवटचा ‘स’ काढून घेऊन तें ‘डज’ झालें. आतां हाच प्रश्न ‘आय डोन्ट नो’च्या पोटांत घालावयाचा. उडी नको, म्हणजे भाड्याचें क्रियापदही नको. त्यास निरोप द्यावा आणि त्यानें नेलेला ‘स’ मूळ मालकास परत करावा : ‘आय डोन्ट नो व्हॉट ही वॉन्ट्स.’ ‘व्हॉट डज ही वॉन्ट’ नव्हे, आणि ‘व्हॉट ही वॉन्ट’ तर नव्हेच. भूतकाळांत ‘डिड’चाही हाच न्याय : ‘व्हेअर डिड शी गो?’ ह्याचें ‘टेल मी व्हेअर शी वेन्ट’.

‘हाऊ’ शब्दाबरोबर एखादें विशेषण असेल तर तें त्याला चिकटूनच राहतें. ‘डू यू नो हाऊ ओल्ड ही इज?’ असें म्हणावें. येथें शेवटीं आलेलें ‘इज’ कानास विचित्र वाटतें, आणि म्हणून पुष्कळ लोक तें पुढें ढकलतात. विचित्र वाटलें तरी तें तेथेंच हवें. इतकेंच नव्हे, तर तें पूर्ण उच्चारावयास हवें. ‘ही इज’चें ‘हीज’ असें आंखूड रूप इंग्रज माणूस दिवसांतून शंभर वेळां करतो, पण ‘आय नो व्हेअर ही इज’ ह्या वाक्याच्या शेवटीं तो तें कधींच करीत नाहीं.

ज्या प्रश्नांत प्रश्नार्थक शब्द हाच कर्ता असतो, तेथें मात्र कांहींच करावें लागत नाहीं. ‘हू ब्रोक द ग्लास?’ ह्यांत मुळांत उडीच नाहीं, म्हणून ‘आय नो हू ब्रोक द ग्लास’ असें वाक्य जसेंच्या तसें आंत जातें. ‘व्हॉट हॅपन्ड’ तसेंच.

आतां खरी मौज पुढेंच आहे. मराठी माणसाच्या मातृभाषेंत प्रश्नासाठीं शब्दांची जागा बदलत नाहीं, तर मग इंग्रजी बोलतांना त्यानें आंतल्या वाक्यांत नको असलेली उडी कां मारावी? मातृभाषेच्या संवयीनें तर उलट व्हावयास हवें. आणि तसें उलटही होतेंच. नवशिका मनुष्य सरळ प्रश्न विचारतो तेव्हां ‘व्हेअर यू आर गोइंग?’ असें म्हणतो. म्हणजे जेथें उडी हवी तेथें ती नाहीं. ही मराठीची संवय. शाळेंत मास्तर ही चूक पुनःपुन्हां सुधारतात, विधानाचे प्रश्न करण्याचे धडे शेकड्यांनीं घोटवून घेतात. भाषांतर-पाठमालांवर वाढलेल्या कैक पिढ्यांना हा अभ्यास परिचयाचा आहे. ह्या घोटण्याचा परिणाम असा होतो कीं, ‘व्हेअर’ शब्द आला कीं पुढें ‘इज’ किंवा ‘आर’ आलाच पाहिजे, अशी गांठ मुलाच्या मनांत बसते. प्रश्न बाहेर आहे कीं पोटांत, हें मग तें पाहात नाहीं. म्हणजे पहिली चूक न शिकल्यामुळें होते, तर दुसरी शिकल्यामुळें! भारतांतील इंग्रजीचा अभ्यास करणाऱ्या विद्वानांनीं ह्या दोन्ही प्रवृत्तींची नोंद केलेली आहे, आणि त्या केवळ मराठी भाषिकांत नव्हे, तर देशाच्या पुष्कळ भागांत आढळतात. ‘मे आय नो व्हॉट इज युअर गुड नेम?’ हा विनयानें ओथंबलेला प्रश्न आगगाडीच्या डब्यांत कोणीं ऐकला नाहीं? त्यांतील ‘गुड नेम’ हें ‘शुभ नाम’ ह्याचें भाषांतर आहे. तें गोड आहे, तें राहूं द्यावें. हलवावयाचें तें केवळ ‘इज’.

ही उडी इंग्रजींत आली कोठून? ज्या जर्मानिक कुळांत इंग्रजीचा जन्म झाला, त्या कुळांत क्रियापदाचें स्थान ही महत्त्वाची गोष्ट आहे. आजच्या जर्मन भाषेंत ‘तो कोठें राहतो?’ हें ‘वो वोन्ट एर?’ असें विचारतात. पण ‘तो कोठें राहतो तें मला ठाऊक नाहीं’ म्हणतांना ‘इख वाइस निख्ट, वो एर वोन्ट’ असें क्रियापद वाक्याच्या शेवटीं जातें. बाहेरचें वाक्य आणि आंतलें वाक्य ह्यांचा वेष निराळा ठेवण्याची ही घराण्याची रीत आहे. जुन्या इंग्रजींत साध्या विधानांतही क्रियापद कर्त्यापुढें येत असे. पुढें तें हळूहळू मागें हटलें आणि प्रश्नासारख्या कांहीं जागांपुरतेंच पुढें राहिलें. भाड्याचें ‘डू’ तर त्याहून नवें. शेक्सपिअरच्या काळीं, म्हणजे १५६४ ते १६१६ ह्या अवधींत, प्रश्न ‘डू’ घेऊनही होत आणि न घेतांही होत. ह्या एका लहानशा क्रियापदाच्या उदयावर आल्व्हार एलेगोर्ड ह्या स्वीडिश पंडितानें १९५३ सालीं एक सबंध ग्रंथ लिहिला, ह्यावरून विषयाची खोली कळावी.

शिवाय ही रीत इंग्रजी बोलणाऱ्या सर्वांनीं पाळली आहे असेंही नाहीं. आयर्लंडमध्यें ‘ही आस्क्ट मी वॉज आय हंग्री’, म्हणजे ‘मला भूक लागली आहे का असें त्यानें विचारलें’, अशीं वाक्यें सुशिक्षित माणसांच्या तोंडीं आहेत. आयरिश लोकांची जुनी गेलिक भाषा आंतला प्रश्न प्रश्नाच्याच रूपांत ठेवते. तिचा ठसा त्यांच्या इंग्रजीवर उमटला. त्यांना कोणी अडाणी म्हणत नाहीं. तेव्हां मराठी मुलानें ‘आय डोन्ट नो व्हेअर इज ही’ म्हटलें म्हणून भर वर्गांत त्याची टर उडविणाऱ्या मास्तरानें ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. टरेच्या भीतीनें मूल शुद्ध बोलूं लागत नाहीं. तें प्रश्न विचारावयाचेंच सोडतें, आणि ही हानि कोणत्याही व्याकरणदोषाहून मोठी आहे. मात्र आयरिश माणूस आपल्या घरची बोली बोलत असतो आणि अर्ज लिहितांना तो बहुधा प्रमाण रूपच लिहितो. परभाषेंत अर्ज लिहिणाऱ्यासही तेंच हिताचें.

आतां ज्या प्रश्नाचें उत्तर ‘होय’ किंवा ‘नाहीं’ असें असतें, त्याच्याकडे वळावें. तो आंत घ्यावयाचा तर ‘इफ’ किंवा ‘व्हेदर’ हा शब्द दारांत उभा करावा लागतो. ‘इज ही कमिंग?’ ह्याचें ‘आय डोन्ट नो व्हेदर ही इज कमिंग’. ‘व्हेदर’ हा शब्द मोठ्या घराण्याचा आहे. जुन्या इंग्रजींत त्याचा अर्थ ‘दोहोंपैकीं कोणतें’ असा होता, आणि तो अर्थ त्याच्या अंगांत अजून शिल्लक आहे. मराठींतील ‘तो येणार कीं नाहीं’ ह्यांतलें ‘कीं नाहीं’ म्हणजेच ‘व्हेदर’. ‘इफ’ मात्र दोन घरचा पाहुणा. तो ‘कीं नाहीं’ ह्या अर्थीं येतो, तसाच ‘जर’ ह्या अर्थींही येतो; आणि अर्थाची हानि होते ती येथेंच.

समजा, एका खाणावळीच्या मालकानें पाहुण्यास लिहिलें : ‘प्लीज लेट मी नो इफ यू नीड द रूम.’ पाहुण्यास खोली नको होती. त्यानें अर्थ घेतला, ‘खोली हवी असल्यास कळवावें’. नको होती म्हणून तो गप्प बसला. मालकाच्या मनांत होतें, ‘खोली हवी आहे कीं नाहीं तें कळवावें’. तो उत्तराची वाट पाहात खोली अडवून बसला. दोघेही प्रामाणिक, आणि नुकसान मात्र खरेंखुरें. तेथें ‘व्हेदर’ लिहिलें असतें, तर दोन्ही बाजूंनीं उत्तर देणें पाहुण्यास भाग होतें. मराठी माणसाजवळ ह्यावर एक घरगुती कसोटी आहे. वाक्य मनांत मराठींत म्हणून पाहावें; ‘तर’ किंवा ‘असल्यास’ आलें तर ‘इफ’ लिहावें, ‘कीं नाहीं’ आलें तर ‘व्हेदर’ लिहावें. बोलण्यांत दुसऱ्या ठिकाणींही ‘इफ’ चालतो, पण कसोटी पाळणाऱ्याचें पत्र कधीं फसत नाहीं. ‘जावें कीं न जावें’ अशा रचनेंत तर ‘व्हेदर टु गो’ असेंच म्हणावें लागतें. तेथें ‘इफ’ला प्रवेश नाहीं.

आणि ही ‘जावें’ची रचना हाताशीं असणें मोठें सोयीचें आहे. ‘काय करावें तें सुचत नाहीं’, ‘कोठें जावें तें कळत नाहीं’ ह्या मराठी वाक्यांस इंग्रजींत ‘व्हॉट टु डू’, ‘व्हेअर टु गो’ असे नेमके जोड आहेत. त्यांत कर्ता नाहीं, म्हणून उडीचा प्रश्नच येत नाहीं. ज्यास क्रियापदाची धास्ती वाटते त्यानें शक्य तेथें हीच वाट धरावी.

मराठींतला ‘कीं’ आणखी एक खोडी काढतो. ‘त्यानें मला विचारलें कीं, तूं कोठें राहतोस?’ हें मराठी शुद्ध आहे. ‘कीं’च्या पलीकडे मराठी मूळ बोलणें जसेंच्या तसें ठेवते, ‘तूं’ सुद्धां बदलत नाहीं. ह्याचें शब्दास शब्द इंग्रजी केलें कीं ‘ही आस्क्ट मी दॅट व्हेअर डू यू लिव्ह’ असें तीन चुकांचें वाक्य तयार होतें. इंग्रजींत ‘व्हेअर’ स्वतःच दारवान असतो, त्याच्या जोडीस ‘दॅट’ नको. ‘यू’चा ‘आय’ होतो. आणि बाहेरचें क्रियापद भूतकाळीं असल्यामुळें आंतलेंही बहुधा त्याच्यामागोमाग भूतकाळांत जातें : ‘ही आस्क्ट मी व्हेअर आय लिव्ह्ड.’ पत्ता अद्याप बदलला नसला तरी!

सर्वांत नाजूक जागा आहे ती ‘थिंक’ ह्या क्रियापदाची. मराठींत दोन वाक्यें पाहावींत : ‘तो कोठें राहतो हें तुम्हांला ठाऊक आहे का?’ आणि ‘तो कोठें राहतो असें तुम्हांला वाटतें?’ पहिल्याचें उत्तर ‘होय’ किंवा ‘नाहीं’ असें द्यावयाचें; दुसऱ्याचें उत्तर ‘दादरला’, ‘गिरगांवांत’ असें एखादें ठिकाण. मराठी हा भेद ‘हें’, ‘असें’ आणि ‘का’ ह्या तीन इवल्या शब्दांवर तोलते, आणि ‘कोठें’ दोन्हींकडे आंतच बसून राहतो. इंग्रजींत मात्र दुसऱ्या वाक्यांतला ‘व्हेअर’ आंतलें घर सोडून थेट बाहेरच्या वाक्याच्या तोंडाशीं येतो : ‘व्हेअर डू यू थिंक ही लिव्ह्ज?’ कारण येथें प्रश्न खरोखरच बाहेर विचारला जात आहे. उडीही बाहेरच मारली, ‘डू’नें, आंत ‘ही लिव्ह्ज’ शांत आहे. ‘डू यू थिंक व्हेअर ही लिव्ह्ज?’ असें जो म्हणतो, त्याच्या वाक्याचा अर्थ इंग्रज श्रोत्यास लागत नाहीं. ही नुसती वेषाची चूक नव्हे.

विरामचिन्हाविषयीं थोडेंसें. ‘आय वंडर व्हेअर ही इज’ हें बाहेरून विधान आहे, म्हणून शेवटीं पूर्णविराम. ‘डू यू नो व्हेअर ही इज’ हा बाहेरून प्रश्न, म्हणून प्रश्नचिन्ह. चिन्ह बाहेरच्या वाक्याचें असतें, आंतल्याचें नव्हे. आणि ज्याला क्रियापद हलवावयाचा कंटाळा आहे त्यास इंग्रजीनें एक पळवाटही ठेविली आहे. ‘व्हेअर इज ही, आय वंडर?’ असें प्रश्न आधीं आणि शेपूट मागून जोडलें, तर प्रश्न पोटांत न राहतां बाहेरच राहतो आणि उडी कायम टिकते. ‘द क्वेश्चन इज, हू विल पे?’ ह्यांत मूळ प्रश्न अवतरणासारखा उभा केला जातो, तेंही चालतें. असो.

ठाण्याच्या त्या घरीं नातीनें ओळ पुन्हां लिहिली. ‘व्हॉट द लास्ट डेट इज’ हें शुद्ध असलें तरी कानास खडबडीत वाटतें, असें आजोबांनींच सुचविलें. तेव्हां तिनें ‘व्हेन अॅप्लिकेशन्स क्लोज अँड व्हेन द रिझल्ट विल बी डिक्लेअर्ड’ असें केलें. पत्राच्या शेवटीं ‘लेट मी नो इफ यू रिक्वायर माय सर्टिफिकेट्स’ असें एक वाक्य होतें. तेथें ‘इफ’ खोडून ‘व्हेदर’ लिहितांना आजोबांनीं तिला खाणावळवाल्याची हकीकत सांगितली, आणि ती हंसली.

पत्र रवाना झालें. “आजोबा, उत्तर केव्हां येईल असें तुम्हांला वाटतें?” तिनें विचारलें.

“हेंच इंग्रजींत विचार बरें,” आजोबा म्हणाले.

“डू यू थिंक—” तिनें सुरुवात केली, थांबली, बोटांनीं हवेंत शब्द मागेंपुढें केले, आणि मग म्हणाली, “व्हेन डू यू थिंक दे विल रिप्लाय?”

“तीन आठवडे तरी लागतील,” आजोबांनीं मराठींत उत्तर दिलें.